वाचक विचारतात : वीज, वादळ आणि उभं राहायची जागा

विजेच्या फोटोंवर या सदरात लिहिल्यापासून टपाल थांबलेलं नाही. निम्म्या पत्रांत एकच प्रश्न आहे : कॅमेरा कोणता घेऊ? त्याचं उत्तर एका ओळीत देऊन टाकते. शटर हवं तितका वेळ उघडं ठेवता येईल आणि फोकस हाताने लावता येईल असा कुठलाही, जुनापुराणासुद्धा चालेल. उरलेल्या पत्रांतले काही प्रश्न खाली घेतले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत, तेव्हा आपली वाक्यं जशीच्या तशी दिसली नाहीत तर रागावू नका.

प्रश्न : विजेसाठी शटर स्पीड किती ठेवायचा? मी १/४००० वर ठेवतो आणि चमकलं की बटण दाबतो. दर वेळी काळंकुट्ट आकाश येतं.

उत्तर : तुमचा हात मंद नाही, पद्धत उलटी आहे. चमक दिसून बोट हलेपर्यंत माणसाला सेकंदाचा साधारण पाचवा भाग लागतो. आपल्याला जी एक वीज दिसते ती बहुधा तीन-चार झटक्यांची असते. एकाच वाटेने ते पाठोपाठ येतात, म्हणून ती लुकलुकल्यासारखी दिसते. हा सगळा प्रकार बहुतेक वेळा अर्ध्या सेकंदाच्या आत आटपतो. चपळ बोटाच्या माणसाला कधीतरी शेवटचा झटका सापडतो आणि त्याला वाटतं, जमलं!

रात्री विजेचा पाठलाग करायचाच नाही. कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, ढगाच्या ज्या भागात विजा पडताहेत तिकडे तोंड करा आणि दहा ते वीस सेकंदांचे फोटो एकामागून एक घेत राहा. शटर उघडं असताना वीज आली की ती स्वतःच उमटते. बहुतेक फोटो रिकामे जातील, ते पुसून टाकायचे.

आता खरा मुद्दा. वीज म्हणजे फ्लॅश. शटर पाच सेकंद उघडं असो की पंचवीस, ती तेवढीच उजळ उमटणार, कारण ती त्यातला निमिषभरच असते. तिचा उजळपणा ठरतो अॅपर्चर (लेन्समधलं भोक; एफचा आकडा जितका मोठा तितकं ते बारीक) आणि आयएसओवर (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते). शटरने ठरतो तो बाकीचा प्रकाश : दिवे, ढगांवरची झिलई, जमीन. हे दोन हिशेब डोक्यात वेगळे ठेवले की निम्मं काम झालं. मी आयएसओ १०० आणि एफ ८ वर सुरुवात करते. वीज खूप लांब असेल किंवा मध्ये पावसाचा पडदा असेल तर एफ ५.६, कधी एफ ४. रेघ जाड, पांढरीफेक आणि कडेला जांभळी आली तर अॅपर्चर बारीक करा. विजेची वाट प्रत्यक्षात जेमतेम दोन-तीन सेंटिमीटर जाड असते. फोटोतली दांडगी जाडी ही जास्त झालेल्या प्रकाशाची. पुष्कळांना तीच भारी वाटते, मला नाही. तिने बारीक फांद्या खाऊन टाकलेल्या असतात.

फोकस ऑटोवर ठेवू नका, अंधारात लेन्स नुसती पुढेमागे करत राहते. दूरचा एखादा दिवा स्क्रीनवर मोठा करून हाताने फोकस लावा आणि रिंगवर चिकटपट्टी मारा. रिंग शेवटपर्यंत फिरवली की झालं असं समजू नका, बऱ्याच लेन्स अनंताच्या, म्हणजे सगळ्यात दूरच्या फोकसच्या, पुढे जातात. ट्रायपॉडवर असताना स्टॅबिलायझेशन बंद. आणि मेनूमधलं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन आठवणीने बंद. ते चालू असलं की वीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी वीस सेकंद स्वतःशीच हिशेब करत बसतो, आणि संध्याकाळची सगळ्यात देखणी वीज हमखास त्याच वेळी पडते.

या पद्धतीत नवं काही नाही. विल्यम जेनिंग्ज यांनी १८८२ मध्ये फिलाडेल्फियात काढलेला विजेचा फोटो अगदी सुरुवातीच्या फोटोंपैकी एक. तोवर चित्रकार वीज करवतीच्या दात्यांसारखी काढत. काचेवर उमटली ती नदीच्या नकाशासारखी, फाटे फुटलेली, वळणावळणाची. आजही जाहिरातीत दात्यांचीच वीज दिसते, ते असो.

प्रश्न : दिवसा काय करायचं? वीस सेकंदांत सगळं पांढरं होतं.

उत्तर : होणारच. एफ १६, आयएसओ सगळ्यात कमी आणि वर एनडी फिल्टर (प्रकाश कमी करणारी काळसर काच) लावून अर्धा-एक सेकंद मिळवता येतो, पण फिल्टर आकाशाइतकीच वीजही मंद करतो. त्यामुळे जवळची, ठसठशीत वीज असेल तरच हा मार्ग. दुसरा मार्ग लाइटनिंग ट्रिगरचा. तो पहिली चमक ओळखून शटर सोडतो आणि पाठोपाठचे झटके पकडतो. शटर १/१५ ते १/४ सेकंदाच्या दरम्यान ठेवा, त्याहून वेगवान ठेवलंत तर पुढचे झटके हुकतील. एकाच झटक्यात संपणारी वीज ट्रिगरला सापडत नाही, त्याला इलाज नाही. काही नव्या कॅमेऱ्यांत बटण दाबण्याच्या आधीचे फोटो साठवून ठेवायची सोय असते, ती इथे खरोखर कामाला येते.

मला विचाराल तर दिवसाची हौस सोडा आणि सूर्य मावळल्यानंतरची वीस-पंचवीस मिनिटं राखून ठेवा. आकाशात निळा रंग असतो, ढगाचा आकार दिसतो आणि शटर चार-पाच सेकंद उघडं राहू शकतं. रात्रीच्या फोटोत वीज दिसते, संध्याकाळच्या फोटोत वादळ दिसतं.

प्रश्न : माझ्याकडे फक्त फोन आहे.

उत्तर : फोन कशावर तरी घट्ट टेकवा, फोकस आणि एक्स्पोजर लॉक करा, उजेड थोडा कमी करा आणि व्हिडिओ घ्या. नंतर हवी ती चौकट काढून घ्यायची. कधी कधी अर्धी चौकट उजळ आणि अर्धी काळी येते. फोन बिघडलेला नाही, त्याचा सेन्सर चित्र ओळीओळीने वाचतो आणि वीज मध्येच संपते.

प्रश्न : वादळाच्या किती जवळ जावं? मोठी टेलिलेन्स नाही, म्हणून जवळ जाण्यावाचून पर्याय नाही असं वाटतं. टॉर्नेडोचा पाठलाग करणारे तर थेट खाली जातात.

उत्तर : या पत्राने मी थोडी अस्वस्थ झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

वादळाला टेलिलेन्स लागत नाही. हिशेब करून बघा. गडगडाटी वादळाचा ढग बारा किलोमीटर उंच सहज असतो, पुष्कळदा त्याहून जास्त. तुम्ही त्याच्यापासून दहा किलोमीटरवर असाल तर माथा बघायला मान पन्नास अंश वर करावी लागते. पूर्ण चौकटीच्या सेन्सरवर २४ मिलिमीटरच्या वाइड लेन्समध्ये तो जेमतेम बसतो, तोही क्षितिज अगदी तळाशी चिकटवून. तीस किलोमीटरवर गेलात तर तोच ढग बावीस अंशांचा होतो आणि साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्समध्ये, भोवती मोकळं आकाश ठेवून, आरामात मावतो. वरचा ऐरणीसारखा पसरलेला माथा, फुलकोबीसारखी चढत जाणारी बाजू, खालचा काळा सपाट तळ आणि त्याच्या शेजारी कोसळणारा पावसाचा खांब, हे सगळं एकत्र फक्त लांबूनच दिसतं. खाली शिरलात की राखाडी रंग आणि काचेवर पाणी. हत्तीच्या पोटाखाली उभं राहून हत्तीचा फोटो निघत नाही.

म्हणजे जवळ कधीच जाऊ नये का? शेल्फ क्लाउड, म्हणजे वादळाच्या पुढे चालून येणारी ती फळीसारखी कमान, तीन-चार किलोमीटरवरून वाइड लेन्सने अप्रतिम येते. पण ती ज्या थंड वाऱ्यावर स्वार असते तो तुमच्यापर्यंत मिनिटांत पोचतो. तेव्हा फोटो आधी ठरवलेला हवा, गाडीचं तोंड परतीच्या दिशेला हवं आणि थंड झोत अंगाला लागला की ट्रायपॉड उचलायचा, 'एकच शेवटचा' म्हणायचं नाही. माझ्याबरोबर नेहमी एक मैत्रीण असते. ती रडार आणि रस्ता बघते, मी कॅमेरा. ती 'चल' म्हणाली की वाद घालायचा नाही, असं आमचं ठरलेलं आहे. दोघींनी फोटो काढायचे ठरवले तर कोणीच आकाशाकडे नीट बघत नाही.

आता पाठलाग करणाऱ्यांविषयी. अमेरिकेच्या मैदानी राज्यांत फिरत्या वादळांना, सुपरसेलना, ते खाली जाऊन गाठत नाहीत. तिथली वादळं बरेचदा ईशान्येकडे सरकतात, म्हणून जाणकार आग्नेय बाजूला राहतात. तिथून पावसाविना असलेला तळ दिसतो, गारांचा मारा चुकतो आणि दक्षिणेकडे निसटायला रस्ता असतो. दक्षिण गोलार्धात हे चित्र उलटं होतं, तेव्हा पुस्तकातली दिशा पाठ करून कुठेही निघू नका. आणि इतकं जाणूनही काय होऊ शकतं ते ऐका. ३१ मे २०१३ रोजी ओक्लाहोमात एल रीनोजवळ आलेला टॉर्नेडो सुमारे ४.२ किलोमीटर रुंद झाला, पावसात गुरफटला आणि त्याने अचानक दिशा नि वेग बदलला. त्यात टिम सॅमारस, त्यांचा मुलगा पॉल आणि सहकारी कार्ल यंग हे तिघे गेले. सॅमारस हौशे नव्हते. टॉर्नेडोच्या वाटेत मोजमापाची यंत्रं ठेवून सुखरूप परतण्यात त्यांची हयात गेली होती, वीज जमिनीला टेकते तो क्षण टिपण्यासाठी ते एका प्रचंड वेगवान कॅमेऱ्यावरही काम करत होते. पावसात गुरफटलेला टॉर्नेडो फोटोत येत नाही, डोळ्यालाही दिसत नाही. ज्याचा फोटो निघूच शकत नाही त्याच्याजवळ थांबायचं कशासाठी?

माझ्या आवडीची वेळ सांगते, आणि ती भित्रेपणाची म्हणाल तरी चालेल : वादळ डोक्यावरून पूर्वेकडे निघून गेल्यावर. मागे पश्चिमेला आकाश उघडतं, उतरता सूर्य जाणाऱ्या ढगावर तिरका पडतो, माथ्याखाली लोंबणाऱ्या मॅमेटस ढगांच्या पिशव्या नारिंगी होतात, नशीब असेल तर इंद्रधनुष्य आणि त्यातच वीज. सगळे जण तोवर घरी निघालेले असतात. विजेचा धोका मात्र तेव्हाही टळलेला नसतो, त्याविषयी पुढच्या उत्तरात.

प्रश्न : गाडीत बसलं की टायरच्या रबरामुळे वीज लागत नाही, हे खरं का? आणि कार्बन फायबरचा ट्रायपॉड धातूच्या ट्रायपॉडपेक्षा सुरक्षित का?

उत्तर : दोन्हींचं उत्तर नाही. जी वीज हवेतून कित्येक किलोमीटर येते तिला टायरच्या चार बोटं रबराचं काय? गाडीत आपण वाचतो ते धातूच्या टपामुळे आणि अंगामुळे. प्रवाह बाहेरून वाहून जमिनीत जातो. म्हणून काचा बंद, हात धातूपासून दूर. उघड्या टपाची गाडी आणि दुचाकी यांचा काही उपयोग नाही. कार्बन फायबरमधूनही वीज वाहते. मुळात उघड्यावर ट्रायपॉडशेजारी ताठ उभा असलेला माणूस हाच खरा प्रश्न आहे.

मोजायची रीत अशी : चमक आणि गडगडाट यांत जितके सेकंद, त्याला तीनने भागा, तेवढे किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत गडगडाट आला, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, तर आत जा. शेवटचा गडगडाट ऐकल्यावर अर्धा तास बाहेर येऊ नका. पाऊस थांबला हा निकष नाही. ढगाच्या कडेतून निघालेली वीज पंधरा किलोमीटर आणि त्याहूनही दूर, निळ्या आकाशाखाली पडल्याची उदाहरणं आहेत. ढगाढगांतून आडवी धावणारी तर विचारूच नका. २२ ऑक्टोबर २०१७ ची एक वीज पूर्व टेक्सासपासून कॅन्सस सिटीच्या जवळपर्यंत ८२९ किलोमीटर पसरली होती, जागतिक हवामान संघटनेने तो विक्रम २०२५ मध्ये मान्य केला.

मी कॅमेऱ्याला इंटरव्हॅलोमीटर (ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढणारं यंत्र) लावते, ट्रायपॉडच्या मधल्या हुकाला जड पिशवी अडकवते, पाय फाकवून तो बुटका करते आणि गाडीत जाऊन बसते. कॅमेरा गेला तर दुसरा येईल. घरातून काढायचा असेल तर खिडकी बंद ठेवून लेन्स काचेला टेकवा, खोलीतले दिवे घालवा आणि लेन्सभोवती काळं कापड धरा. उघडी बाल्कनी म्हणजे घर नव्हे.

प्रश्न : ज्वालामुखीच्या धुरात डझनभर विजा दाखवणारे फोटो खरे असतात का? की संगणकावर जोडलेले?

उत्तर : घटना खरी आहे. उसळणाऱ्या राखेचे कण एकमेकांवर घासतात, आदळतात, भार वेगळे होतात आणि वीज पडते. जपानच्या साकुराजिमावर हे वारंवार दिसतं, २०१५ मध्ये चिलीतल्या कालबुकोच्या उद्रेकात तर फारच भव्य दिसलं. डझनभर विजा एका चौकटीत येणंही अशक्य नाही. शटर मिनिटभर उघडं असेल तर मिनिटभरातल्या सगळ्या विजा एकावर एक उमटतात. त्यात लबाडी नाही, पण तो एक क्षणही नाही.

अनेक फोटो लाइटन मोडमध्ये (प्रत्येक जागी सगळ्यात उजळ ठिपका ठेवणारी पद्धत) एकावर एक ठेवून केलेलं चित्रही मला मान्य आहे, अट एवढीच की खाली तसं लिहा : 'चाळीस मिनिटांतल्या विजा, कॅमेरा न हलवता'. दुसऱ्या दिवसाचं आकाश आणून चिकटवलेलं चित्र मात्र मी या सदरासाठी परत पाठवते. ओळखायचं कसं? वीज ढगामागून आली तर ढगाची कड उजळायला हवी, खाली पाणी असेल तर त्यात प्रतिबिंब हवं. घाईत केलेल्या चित्रात एकतरी गोष्ट राहून जाते.

ज्वालामुखीचा विषय निघालाच आहे तर अंतराचं एक उदाहरण देते. १८ मे १९८० ला अमेरिकेतल्या माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीचा उत्तर उतार कोसळला तेव्हा गॅरी रोझेनक्विस्ट सुमारे अठरा किलोमीटरवर होते. त्यांनी भराभर काढलेल्या फोटोंच्या मालिकेत अख्खा डोंगर घसरताना दिसतो आणि ती घसरण कशी झाली हे उलगडायला शास्त्रज्ञांना तीच मालिका उपयोगी पडली. रॉबर्ट लँड्सबर्ग शिखराच्या कितीतरी जवळ होते. राखेचा लोट येताना त्यांनी फिल्म गुंडाळली, कॅमेरा पिशवीत घातला आणि पिशवीवर आडवे झाले. ते गेले, फिल्म वाचली. त्यांच्या धैर्याला मी नमस्कार करते, पण शिकवायला मी रोझेनक्विस्ट यांचे फोटो घेते.

प्रश्न : वादळी समुद्राच्या लाटा मोठ्या दिसतच नाहीत.

उत्तर : शेजारी मोजमाप हवं. पोर्तुगालमधल्या नझारेचे फोटो आठवा. समुद्रतळावरच्या दरीमुळे तिथे लाटा राक्षसी होतात हे खरं, पण त्या राक्षसी दिसतात त्या पुढच्या दीपगृहामुळे आणि तिथली माणसं मुंगीएवढी असल्यामुळे. दुरून, उंचावरून, २०० मिलिमीटर किंवा त्याहून लांब लेन्सने काढा, म्हणजे दीपगृह आणि लाट एकमेकांजवळ येतील. शटर १/१००० च्या आसपास. आधी वीस-पंचवीस मिनिटं नुसतं बघा, मोठ्या लाटा थांबून थांबून गटाने येतात. खडक ओला असेल तर तिथवर पाणी येतं, मग आत्ता येत असो वा नसो.

प्रश्न : भिजलेल्या कॅमेऱ्याचं काय करू?

उत्तर : बॅटरी काढा, पुसा, कोरड्या हवेत उघडा ठेवा, घाईने चालू करू नका. खारं पाणी असेल तर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने आधी पुसा. पुढच्या वेळी साधी प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड घेऊन जा. पावसाळी कव्हरांवर पैसे घालवण्याआधी लेन्स हूड लावायला शिका, निम्मे थेंब तोच अडवतो.

प्रश्न : ढगांच्या वर लाल रंगाच्या विजा असतात असं ऐकलं. साध्या कॅमेऱ्याने येतात का?

उत्तर : येतात, आणि माझं सध्याचं वेड तेच आहे. त्यांना स्प्राइट म्हणतात. ढगांच्या वर असं काही होत असावं अशी अटकळ सी. टी. आर. विल्सन यांनी १९२०च्या दशकात बांधली होती, पण पहिलं चित्र मिळालं १९८९ मध्ये, तेही मिनेसोटा विद्यापीठातले संशोधक मंद प्रकाशातला व्हिडिओ कॅमेरा तपासत असताना योगायोगाने. जोरदार वीज जमिनीवर पडली की कधीकधी तिच्या वर साधारण पन्नास ते नव्वद किलोमीटर उंचीवर लाल तंतूंचा झुबका उमटतो आणि काही सहस्रांश सेकंदांत विझतो.

त्यासाठी वादळ तुमच्यापासून दोनशे-तीनशे किलोमीटर दूर हवं. तीनशे किलोमीटरवरच्या ढगाचा माथा क्षितिजाला जवळजवळ टेकलेला असतो आणि स्प्राइट त्याच्या वर दहा-बारा अंशांवर दिसतो, हात लांब केल्यावर मुठीएवढ्या उंचीवर. तुमच्या डोक्यावर आकाश स्वच्छ हवं, चंद्र नको, दिवे नकोत. गडगडाट ऐकूच येत नाही, तेव्हा दिशा उपग्रहाच्या चित्रावरून किंवा वीज दाखवणाऱ्या नकाशावरून ठरवा. ३५ किंवा ५० मिलिमीटरची एफ १.८ लेन्स पूर्ण उघडी, आयएसओ ३२०० ते ६४००, शटर एक-दोन सेकंद, फोकस ताऱ्यावर, आणि इंटरव्हॅलोमीटरला विश्रांती नको. नंतर शेकडो फोटो एकेक करून मोठे करून बघावे लागतात. ठिपक्याएवढा लालसर डाग दिसला तर पुसण्याआधी त्याच्या मागचा-पुढचा फोटो बघा, दोन्हींत तो नसेल तर फाइल वेळेसह मला पाठवा. मूळ रॉ फाइल (कॅमेऱ्याने साठवलेली, प्रक्रिया न केलेली) पाठवा, रंग वाढवलेली नको.